माझ्या गैरहजेरीत ठरलेलं माझं लग्न

माझं लग्न ठरलं तेव्हा मी तिथे हजर नव्हतो. पूर्वी लग्नं अशीच ठरायची, त्यात विशेष काही नाही. पण माझं ठरलं तेव्हा माझे आईवडीलही हजर नव्हते. आम्ही तिघं त्या वेळी बोरीवलीला घरीच होतो. आई बांगडे साफ करत होती, बाबा पेपर वाचत होते आणि मी झोपलो होतो. आणि तिकडे मुलुंडला दिनकर परब, वय अठ्ठावीस, सरकारी डेअरीत कायम नोकरी, याने मुलगी पसंत केली, मुलीने त्याला पसंत केलं आणि सगळ्यांनी मिळून चहा घेतला.

दिनकर परब म्हणजे मी.

गिरण्यांचा संप होऊन दीडेक वर्ष झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बाबा त्याआधीच विणकाम खात्यातून निवृत्त झाले होते, आणि आता घरात बसून माझ्या लग्नाकडे बघायला त्यांना भरपूर वेळ होता. मी आरे कॉलनीतल्या डेअरीच्या ऑफिसात कारकून. नोकरी कायम, घर स्वतःचं (दीड खोली, पण स्वतःची), व्यसन नाही. एवढं असून मुली सांगून येत नव्हत्या. शेवटी अंधेरीच्या एका विवाह केंद्रात माझं नाव घालायचं ठरलं. एका टायपिंग क्लासच्या वरच्या खोलीत लेलेबाई नावाच्या बाई ते केंद्र चालवत. मुलांचे फॉर्म निळ्या नाडीने बांधलेले, मुलींचे लाल नाडीने, सगळे आडनावाप्रमाणे लावलेले. बघून वाटायचं, आपण योग्य हातांत पडलो.

फॉर्म चार पानी होता. तो बाबांनी भरला आणि "खोटं लिहायचं नाही" असं म्हणून भरला. नाव, पत्ता, जन्मवेळ, पगार, मामाचं गाव, लहानपणीचा दमा, सगळं लिहिलं. व्यंगाच्या रकान्यात लिहिलं, 'उजव्या कानाने कमी ऐकू येतं. बोलताना डाव्या बाजूला बसावं.' आईने छंदाच्या रकान्यात 'गाणं' असं घातलं. (मी रेडिओ ऐकायचो.) शेवटी 'मुलीविषयी अपेक्षा' असा पाव पानाचा रकाना होता. त्यात बाबांनी एकच ओळ लिहिली, 'विशेष नाही. होईल तेवढ्या लवकर.'

फोटो टाचणीने लावला. लेलेबाईंनी माझ्यादेखत फॉर्मच्या मागे लाल पेन्सिलीने चार मुलींचे पत्ते लिहून ठेवले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही निर्धास्त राहा. कळवते."

आम्ही निर्धास्त राहिलो. सहा महिने काहीच कळलं नाही.

पहिली शंका यायला हवी होती ती घाटकोपरच्या मावशीमुळे. ती एके दिवशी आली आणि चप्पल काढायच्या आधीच आईवर घसरली. "तुझो झील आमच्या बाजूच्या बिल्डिंगीत मुलगी बघूक इलो, दोन बश्या पोहे खावन गेलो, आणि मावशीच्या दारात डोकावलो पण नाय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी घाटकोपरला गेलेलोच नाही."

"बोरीवलीचो दिनकर परब, डेअरीत कामाक. अजून कितके आसत?"

"तू पाहिलंस का मला?"

"मी कशाक बघतंय? शेजारीण सांगी होती. छान गाता म्हणाली."

इथे तरी आईला शंका यायला हवी होती. पण ती माझ्यावरच चिडली. मी आईबापांना न सांगता एकटाच मुली बघत हिंडतो, पोहे खातो आणि वर नाकारतो, असं तिने ठरवून टाकलं. दोन दिवस मला डब्यात नुसती चपाती आणि लोणचं मिळालं. आठवड्याने अंधेरीहून कुणा गृहस्थांचं कार्ड आलं, 'आपले चिरंजीव येऊन गेल्यास महिना झाला. पसंत नसल्यास तसे कळवावे, मुलीच्या मनाशी खेळू नये.' बाबांनी ते मोठ्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

आणि मग एका रविवारी सकाळी नऊ वाजता मुलुंडचे दळवी आले. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स. दारातच त्यांनी बाबांना मिठी मारली. बाबांना मिठी मारून घ्यायची सवय नव्हती, ते खांबासारखे उभे राहिले.

"दिनकरराव म्हणाले होते, आम्हीच पुढच्या रविवारी येतो म्हणून," दळवी म्हणाले. "पण बोरीवलीत कामाला आलो होतो, राहवलं नाही. साखरपुड्याचं बोलून घेऊ म्हटलं. आहेत ना ते?"

मी मोरीतून बाहेर आलो. खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. दळवींनी माझ्याकडे पाहून नमस्कार केला. "हे धाकटे वाटतं?"

तोंडात फेस असल्यामुळे मी नुसती मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही, पण त्यांनी ती होकारार्थी घेतली. "जरा थोरल्यांना बोलवा."

बाबा म्हणाले, "आम्हांला एकच मुलगा आहे."

"हो ना, फॉर्मात तसंच आहे," असं म्हणून दळवींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग हे कोण?"

मी चूळ भरून आलो आणि सांगितलं की दिनकर परब मीच. दळवी हसले. मग कुणीच हसत नाही म्हटल्यावर त्यांनी पेढ्यांचा बॉक्स, जो त्यांनी आईच्या हातात दिला होता, हळूच परत स्वतःच्या मांडीवर घेतला.

"मी तीनदा भेटलोय दिनकररावांना," ते म्हणाले. "उंच आहेत. बोलके आहेत. आमच्या हिला त्यांनी अभंग म्हणून दाखवला, हिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही गाता?"

"नाही."

"बघा."

बाबांनी रेशन कार्ड काढून दाखवलं. दळवींनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "यावर फोटो नसतो." शेवटी तळमजल्यावरच्या शहाकाकांना बोलावलं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी दारातूनच साक्ष दिली, "हा दिनूच आहे. पंधरा वर्षं बघतो मी. टाकीचा नळ उघडा ठेवतो तो हाच."

तरी दळवींचं समाधान होईना. ते माझ्या उजवीकडे बसले होते. त्यांनी काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "काय?"

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, "काय?"

दळवींचा चेहरा उतरला. "कान," ते बाबांना म्हणाले. "ते नेहमी डावा कान पुढे करून ऐकायचे. मी म्हटलं, केवढा प्रामाणिक मुलगा, व्यंग लपवत नाही." माझ्या बहिरेपणाचाही माझ्यापेक्षा चांगला उपयोग त्या माणसाने करून घेतला होता.

आता आईच्या डोक्यात घाटकोपर आणि अंधेरी दोन्ही जुळलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे ते पोहे तू नव्हतेस खाल्ले?" दोन दिवसांच्या लोणच्याबद्दल एवढीच माफी मला मिळाली.

आम्ही तिघं पुरुष तसेच अंधेरीला गेलो. तर टायपिंग क्लासच्या वरच्या खोलीला कुलूप, केंद्र दुसरीकडे हलवल्याची पाटी. नवी जागा शोधून काढली. लेलेबाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "हरवला नाहीये हो. रिक्षात राहिला."

"काय राहिलं?"

"प चा गठ्ठा. जागा बदलताना. परब, पाटकर, पेडणेकर, प्रभू... सगळे रिक्षात राहिले."

"कधी?" बाबांनी विचारलं.

"झाले चारेक महिने."

"आणि तुम्ही कुणालाच कळवलं नाहीत?"

"कळवून काय करणार? उगाच लोकांच्या जिवाला घोर. मला वाटलं, रिक्षावाला आणून देईल."

बाबा आयुष्यात फार कमी वेळा आवाज चढवत. ते म्हणाले, "बाई, त्यात माझ्या मुलाची जन्मवेळ होती, पगार होता, कान होता. सगळा मुलगा होता त्यात."

लेलेबाई ओशाळल्या. मग त्यांनी कपाटातून एक कोरा फॉर्म काढला आणि भरपाई म्हणून सांगितलं की पुढचं एक वर्ष माझं नाव त्या फुकट ठेवतील. "पुन्हा सगळी माहिती भरून द्या फक्त."

दळवींचं म्हणणं, सरळ पोलिसात जाऊ. पण पोलिसांना सांगायचं काय? चोरीला काय गेलं? मी तर तिथेच उभा होतो. शेवटी असं ठरलं की पुढच्या रविवारी तो मुलुंडला येणारच आहे, तेव्हा आम्ही आधीच जाऊन बसायचं आणि समोरासमोर काय ते बघायचं.

तो आठवडा मला विचित्र गेला. ऑफिसात चाऱ्याच्या नोंदी करताना मध्येच वाटायचं, आत्ता मी कुठे असेन? एकदा हजेरीपटावर सही करताना हात थांबला. शनिवारी मी केस कापून घेतले. कशासाठी, ते तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो. ती मुलगी दिनकर परबला हो म्हणाली होती, आणि कसंही झालं तरी दिनकर परब मीच होतो. त्याला काढून टाकला की जागा माझीच, असा माझा सरळ हिशेब होता.

रविवारी मी आणि बाबा दोन बस बदलून, आरेच्या झाडीतून पवईमार्गे मुलुंडला पोचलो. दळवींनी आम्हांला स्वयंपाकघरात बसवलं आणि मधला पडदा ओढला. ओट्यापाशी त्यांची मुलगी नलिनी पोह्यांसाठी कांदा चिरत होती. महापालिकेच्या शाळेत ती शिक्षिका होती, आणि वर्गात नवीन मुलगा आल्यावर बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"खरे तुम्ही का?"

"हो."

"कशावरून?"

"खोटा असतो तर बरं उत्तर दिलं असतं."

ती हसली. ऐनवेळी मला सुचलेलं ते आयुष्यातलं एकमेव वाक्य. त्या जोरावर मी जरा ताठ बसलो.

"ते सांगत होते, तिथल्या गाईंना ते नावाने ओळखतात," ती म्हणाली. "गंगा, कपिला, एक चंद्री म्हणून आहे, ती यांच्या हातूनच खाते."

"गाई नाहीत, म्हशी आहेत," मी म्हटलं. "आणि त्यांना नंबर असतात."

"हो का," ती म्हणाली आणि कांदा चिरायला लागली. चंद्री गेल्याचं तिला वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात बेल वाजली. पडद्याच्या फटीतून मी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. उंच, सावळा, इस्त्रीचा शर्ट, कोपराला रफू. आत आल्यावर तो दळवींच्या उजव्या हाताला बसला आणि डावा कान त्यांच्याकडे केला. ठरल्याप्रमाणे दळवींनी त्याला बोलतं केलं. आईवडील का आले नाहीत?

"बाबांना जरा बरं नाही," तो म्हणाला. "तीस वर्षं गिरणीत सांच्यावर उभं राहून पाय गेलेत त्यांचे. पण एक खाडा नाही हो कधी. ताप असला तरी जायचे. मी शाळेत असताना रात्रपाळीवरून यायचे आणि न झोपता माझी पाटी बघायचे. आपण आज जे काही आहोत ते त्यांच्यामुळे, पण हे त्यांना कधी सांगायला जमलं नाही."

माझ्या शेजारी पाटावर बसलेल्या बाबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मग ते माझ्याकडे वळून कुजबुजले, "बघ. कसं बोलतो." आणि थोड्या वेळाने, "तू कधी बोललास असं?"

"तो चोर आहे बाबा."

"ते कळलं रे. बोलतो कसा ते बघ."

आता जास्त वेळ थांबलं तर बाबा त्याला दत्तक घेतील, या भीतीने मी पडदा सारून बाहेर गेलो. "मी दिनकर परब," मी म्हटलं.

तो उठून उभा राहिला. मला वाटलं पळेल. पण तो म्हणाला, "बसा ना," आणि स्वतःची खुर्ची मला दिली. मी बसलोही. त्यामुळे झालं असं की गुन्हेगार उभा, फिर्यादी खुर्चीत, आणि दोघांत साहेब कोण ते कुणालाच कळेना.

"आज सांगायलाच आलो होतो," तो म्हणाला. "म्हणून एकटा आलो."

दळवी ओरडले, "काय सांगणार होतास? नाव काय तुझं?"

"यशवंत कदम."

तोही विणकाम खात्यातला. संपानंतर गिरणी उघडली ती त्याला न घेता. आईवडील राहिले नव्हते. लेलेबाईंकडे तो दोनदा नाव घालायला गेला होता, कायम नोकरी नाही म्हणून दोन्ही वेळा परत पाठवला. आणि मग एकदा अंधेरीत रिक्षात बसला, तर सीटमागे निळ्या नाडीचा गठ्ठा. परत द्यायला गेला तर खोलीला कुलूप, पाटी काही त्याने पाहिली नाही. घरी नेला. काम नव्हतं, वेळच वेळ होता, वाचत बसला.

"सगळे वाचले," तो म्हणाला. "बहुतेकांच्या अपेक्षा फार होत्या. गोरी पाहिजे, पदवीधर पाहिजे, एकुलती एक नको. यांच्या फॉर्माच्या मागे मुलींचे पत्ते होते, फोटो तेवढा मी काढून ठेवला. आणि आत लिहिलं होतं, 'विशेष नाही. होईल तेवढ्या लवकर.' मला वाटलं, या माणसाचं काही बिघडणार नाही."

पडद्याआडून नलिनीचं हसणं ऐकू आलं. माझे कापलेले केस तिथेच वाया गेले.

"आणि माझ्याबद्दल जे बोललास?" बाबा बाहेर येत म्हणाले. "पाय, पाटी, ते सगळं?"

यशवंतने त्यांच्याकडे पाहिलं. हेच दिनकरचे बाबा, हे त्याच्या लक्षात आलं. "ते माझ्या बाबांचं होतं," तो म्हणाला. "फॉर्मात तुमचं फक्त खातं लिहिलं होतं. पुढचं मी आमच्या घरातलं घातलं."

मग बाबांनी विचारलं, "कुठल्या गिरणीत होतास?" आणि पुढचा अर्धा तास ते दोघं विणायचे सांचे, धोटे आणि जॉबर-मुकादमांची नावं यांत बुडाले. दळवी दोनदा "पोलीस" म्हणाले, पण कुणी लक्ष दिलं नाही. मी खुर्चीत बसून पोहे खाल्ले. चांगले झाले होते.

निघायच्या वेळी नलिनी बाहेर आली. तिने यशवंतला एकच विचारलं, "अभंग तरी तुमचा होता का?"

"तो माझाच होता," यशवंत म्हणाला. "गाई बनवलेल्या."

मला त्याच क्षणी कळलं की माझा हिशेब चुकला. जागा दिनकर परबची कधी नव्हतीच. मला वाईट वाटलं का? वाटलं. परतीच्या बसमध्ये मी बराच वेळ बाहेर बघत होतो. बाबा माझ्या उजव्या बाजूला बसून काहीतरी सांगत होते आणि मी ते ऐकू न आल्याचा पुरेपूर फायदा घेतला.

पुढचं थोडक्यात सांगतो. प चा गठ्ठा लेलेबाईंना परत गेला. त्यांनी तो मोजून घेतला आणि "बघा, हरवला नव्हता" असं म्हणून कपाटात टाकला. यशवंतने घाटकोपरला आणि अंधेरीला जाऊन खरं काय ते सांगितलं. (घाटकोपरला त्याला पुन्हा पोहे मिळाले म्हणे.) बाबांनी ओळखीपाळखीतून त्याला अंधेरीच्या एका कारखान्यात चिकटवलं. दळवी वर्षभर धुमसत राहिले, नलिनी वर्षभर थांबून राहिली, आणि शेवटी लग्न झालं. यशवंतला वडीलधारं कुणी नव्हतं, म्हणून मांडवात त्याच्या बाजूने बाबा बसले. नवा फेटा बांधून, खुशीत. मी आहेराची पाकिटं सांभाळली.

त्यानंतर दोन महिन्यांनी लेलेबाईंनी माझ्यासाठी खरोखरचं एक स्थळ कळवलं, विक्रोळीचं. फुकटचं वर्ष संपल्यावरचं पहिलंच. बाबा म्हणाले, "यशवंतला बरोबर घेऊ. चार शब्द बोलेल." मी नको म्हटलं, आईने हो म्हटलं.

आम्ही चौघं गेलो. यशवंत खरोखर छान बोलला. माझी नोकरी, माझा स्वभाव, आमचं घर, सगळं त्याने असं सांगितलं की मीसुद्धा मन लावून ऐकत होतो. मुलीची आई माना डोलावत होती, मुलगी खाली बघून हसत होती. तासाभराने मुलीचे वडील अगदी समाधानाने उठले, यशवंतचा हात हातात घेतला आणि मग शिष्टाचार म्हणून माझ्याकडे वळले.

"आणि आपण मुलाचे कोण?"

मी म्हटलं, "मीच मुलगा."

ते गोंधळले. त्यांनी खात्री करून घ्यायला बाबांकडे पाहिलं. आणि बाबांनी, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं, उत्तर द्यायच्या आधी थोडा विचार केला.